सेवा ‘अत्यावश्यक’, कामगार मात्र बेदखल!

२४ मार्च २०२० ची रात्र वाचक बांधवांना आठवत असेलच. रात्री आठ वाजता पंतप्रधान दूरदर्शनवर आले आणि बारा वाजल्यापासून संपूर्ण देश बंद राहील असे सांगून गेले. नागपुरात पहिला कोरोना रुग्ण ११ मार्चलाच सापडला होता, त्यामुळे लोकांच्या मनात धास्ती होतीच. भाषण संपायच्या आत लोक पिशव्या घेऊन रस्त्यावर आले. मोठमोठ्या किराणा दुकानांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. साखर, तूरडाळ, तेलाचे डबे, बिस्किटांचे पुडे, जे हाताला लागेल ते ट्रॉलीत भरले गेले. त्या रात्री प्रत्येकाने आपापल्या घराचा विचार केला आणि आम्हीही त्यातलेच. पण त्या गर्दीत काऊंटरमागे उभी राहून एकामागून एक चारशे-पाचशे माणसांचे बिल करणारी पोरगी घरी काय घेऊन जाणार आहे, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

त्याच्या दोनच दिवस आधी टाळ्या वाजवून झाल्या होत्या, थाळ्याही बडवून झाल्या होत्या. डॉक्टर, परिचारिका, पोलीस यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करण्यात गैर काहीच नाही. (सफाई कामगारांना टाळ्यांऐवजी गमबूट आणि हातमोजे दिले असते तर बरे झाले असते, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) आमचा प्रश्न वेगळा आहे. किराणा ही ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून शासनाच्या प्रत्येक आदेशात पहिल्या ओळीत होती. मग ती सेवा देणारा माणूस त्या आदेशाच्या कोणत्या ओळीत होता?

आम्ही ते आदेश कायद्याचे विद्यार्थी म्हणून एकेक करून वाचले आहेत. त्यांत दुकानाच्या वेळा आहेत, ग्राहकांमधले अंतर आहे, दंडाची रक्कम आहे. कामगार दिसतो तो बहुधा रोगाचा वाहक म्हणून. मे २०२० मध्ये अहमदाबादच्या महापालिकेने भाजीविक्रेते, किराणा दुकानदार, दूधवाले यांना तपासले आणि ३३४ जण बाधित निघाल्यावर त्यांना ‘सुपर स्प्रेडर’ असे नाव दिले. दूध आणि औषधे सोडून सगळी दुकाने आठवडाभर बंद केली. तो शब्द तिथून देशभर पसरला. आमच्या शहरातल्या अधिकाऱ्यांच्या तोंडीही तो आला. या शब्दातला न्याय वाचकांनी नीट पाहावा. दिवसभरात शेकडो माणसे ज्याच्या तोंडावर श्वास सोडून जातात, ज्याला रोग ग्राहकाकडून मिळतो, तोच रोग पसरवणारा ठरतो. ग्राहकाला मात्र कोणी ‘स्प्रेडर’ म्हणत नाही. ज्याच्यावर घाण टाकली त्यालाच घाणेरडा म्हणायचे, ही या देशाची फार जुनी रीत आहे, आणि ती आमच्या समाजाला कोणी नव्याने शिकवायची गरज नाही.

आता हा कामगार कोण आहे ते पाहू. इंदोरा, लष्करीबाग, पाचपावली, टेका, जरीपटका, कामठी रोडच्या आसपासच्या वस्त्या किंवा दक्षिणेकडे रामेश्वरी, अजनी, पार्वतीनगर असा एक फेरफटका मारा. दहा घरांपैकी दोन-तीन घरांत तरी कोणी ना कोणी मॉलमध्ये, मोठ्या किराणा दुकानात, गोदामात किंवा घरपोच माल पोहोचवण्याच्या कामावर गेलेला सापडतो. बी.ए. झालेली मुलगी बिलिंगवर आहे, बारावी झालेला मुलगा रॅकमध्ये माल लावतो, मावशी फरशी पुसते आणि बाप गेटवर गार्ड आहे. यांच्या आजोबांपैकी कित्येक एम्प्रेस मिलचे कामगार होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली ती मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली. गांधीसागरजवळच्या तिच्या जागेवर पुढे मॉल उभा राहिला. आजोबा जिथे साच्यावर उभे राहिले तिथे नातू काऊंटरवर उभा आहे. आजोबांना युनियन होती, भोंगा झाला की घरी जाता येत होते, भविष्यनिर्वाह निधी होता. नातवाकडे गळ्यात अडकवलेले ओळखपत्र आहे आणि त्यावर ज्या कंपनीचे नाव आहे तिचे कार्यालय कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही. कारण दुकान एकाचे, कंत्राट दुसऱ्याचे आणि ज्या साबणाच्या जाहिरातीसाठी ती मुलगी रॅकजवळ उभी आहे तो साबण तिसऱ्याचा.

लॉकडाऊनच्या काळात आणि त्यानंतर अशा कामगारांशी आमचे जे बोलणे झाले, त्यातल्या काही गोष्टी येथे सांगणे आवश्यक आहे. दुकानांची नावे आम्ही घेत नाही, आणि एका दुकानाचे नाव घेऊन उपयोगही नाही, इतक्या त्या सारख्या होत्या.

एका मुलीने सांगितले, ‘सर, मास्क तं देल्ला पहिल्या आठवड्यात. एकच देल्ला. तो मी तीन महिने धुऊन धुऊन वापरला.’ कापडी मास्क धुऊन वापरता येतो हे खरे. पण नऊ-नऊ तास तोच मास्क तोंडावर, घामाने आणि वाफेने ओला झालेला, तोही नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यात. दुसरीने सांगितले की, हातमोजे दिले होते ते ग्राहकाला दिसावे म्हणून. एकच मोजा घालून दिवसभर नोटा घ्यायच्या, सामान उचलायचे, मशीनची बटणे दाबायची. हात धुतले असते तर त्याहून अधिक फायदा झाला असता, पण हात धुवायला काऊंटर सोडावा लागतो आणि काऊंटर सोडला की रांग वाढते, रांग वाढली की सुपरवायझर येतो. सॅनिटायझरची बाटली ग्राहकासाठी दारात होती. कामगाराने ती वारंवार वापरली तर ‘माल संपतो’ म्हणून बोलणी खावी लागत. जे वापरत त्यांच्या हातांची सालटी निघाली.

जेवणाची जागा म्हणजे मागच्या गोदामातली खोक्यांमधली बोळ. दुकानात ग्राहकांसाठी सहा-सहा फुटांवर गोल काढले होते, पण त्या बोळीत बारा जण गुडघ्याला गुडघा लावून डबे खात होते. मास्क तिथेच उतरत होता आणि आजार तिथेच फिरत होता. बंद खोली, खिडकी नाही, एक कुलर. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ४ जून २०२० रोजी मॉलसाठी जी कार्यपद्धती जाहीर केली त्यात वातानुकूलन २४ ते ३० अंशांवर ठेवावे, बाहेरची ताजी हवा आत घ्यावी, वयस्क, गरोदर आणि जुना आजार असलेल्या कर्मचाऱ्यांना थेट ग्राहकांपुढे उभे करू नये, असे लिहिलेले आहे. उत्तम लिहिले आहे. पण गेटवर थर्मल गन धरून येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाजवळ हात नेणारा गार्ड बहुतेक ठिकाणी पन्नाशी उलटलेला होता, त्याला शुगर होती, बीपी होता आणि त्याची तपासणी कोणी केलेली नव्हती. महाराष्ट्रात ५ ऑगस्ट २०२० पासून मॉल उघडले तेव्हा हा कागद किती व्यवस्थापकांनी वाचला होता, हा प्रश्न आम्ही विचारून पाहिला आहे. बहुतेकांनी आम्हाला ‘हेड ऑफिसला विचारा’ असे उत्तर दिले.

आणि संडास. मुलींनी हे आम्हाला थेट सांगितले नाही, आमच्या सोबत असलेल्या महिला कार्यकर्त्यांना सांगितले. ग्राहकांचे स्वच्छतागृह कोरोनाच्या नावाखाली कुलूप लावून बंद केले, आणि कामगारांचे वेगळे नव्हतेच. म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नव्हत्या. साथीच्या रोगात भरपूर पाणी प्या म्हणून टीव्हीवर सांगत होते आणि इथे पोरी तहान मारून उभ्या होत्या. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते लिहायला नको.

काही ठिकाणी कामगारांना दारात उभे करून अंगावर औषध फवारण्याचा प्रकारही झाला. उत्तर प्रदेशात बरेलीला घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जे फवारले गेले ते साऱ्या देशाने पाहिले होते. माणसांच्या अंगावर असे रसायन फवारणे निरुपयोगी आणि घातक आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही हा प्रकार चालू राहिला, कारण त्याचा संबंध जंतूंशी कमी आणि मनाशी जास्त होता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी परमपूज्य बाबासाहेबांनी प्राशन केल्यावर ते तळे गोमूत्र-शेण ओतून ‘शुद्ध’ करण्यात आले होते. फवारणीच्या त्या रांगेत उभे असलेल्या आपल्या पोरांना आजोबांची ती गोष्ट आठवली असेल की नाही, सांगता येत नाही. आम्हाला आठवली. ‘सोशल डिस्टन्सिंग’ या शब्दाला आंबेडकरी विचारवंतांनी तेव्हाच हरकत घेतली होती, ती याचसाठी. अंतर शरीरांत ठेवायचे असते. समाजातले अंतर तर आधीच पुरेसे होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ हा शब्द पुढे केला, पण आमच्याकडच्या फलकांवर शेवटपर्यंत ‘सोशल’च राहिला.

आरोग्य आणि जात यांचा हा संबंध आम्ही ओढूनताणून लावत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई शहरात मृत्यूचे प्रमाण जातवार नोंदले गेले होते. हजार लोकसंख्येमागे युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९ आणि ज्यांना त्या नोंदीत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे त्यांचे ६१.६. विषाणू एकच होता. फरक घराच्या खोलीत होता, पोटातल्या भाकरीत होता आणि कामाच्या जागेत होता. २०२० च्या साथीत अशी जातवार नोंद कोणी ठेवली नाही. नोंदच नसेल तर प्रश्नही विचारता येत नाही, हे राज्यकर्त्यांना चांगले समजते.

कामाच्या जागेवरील स्वच्छतेचा विषय आंबेडकरी चळवळीला परका नाही, हे तरुण वाचकांनी लक्षात घ्यावे. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात पगार जास्त होता, पण अस्पृश्य कामगाराला तिथे प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातल्या कांडीचा धागा तुटला की तो तोंडाने ओढून काढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या युनियनला तिच्या पोटातला अन्याय दाखवला. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर तो धोटा कोणाच्याच तोंडाला लागायला नको होता, क्षयासारखा रोग त्यातून एकाचा दुसऱ्याला होऊ शकत होता. पण रोगाची भीती कोणालाच नव्हती. भीती होती ती विटाळाची.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांनी काय केले, याची यादी आपण जयंतीच्या व्यासपीठावरून ऐकतो. आठ तासांचा दिवस, खाणीतल्या स्त्रियांचे प्रश्न, सेवायोजन कार्यालये. पण त्यातली एक गोष्ट आपण अर्ध्यावर सोडून देतो. औद्योगिक कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे देण्यात आले आणि त्यांचा अहवाल १९४४ मध्ये बाबासाहेब मजूर मंत्री असतानाच आला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आपल्या सोमवारी पेठेतले विमा रुग्णालय ज्या कायद्याखाली चालत आले तो हाच. ज्याच्या पगारातून ‘ईएसआय’ कापला जातो त्याला आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळण्याची तरतूद यात आहे. कोरोनात विमाधारक कामगार दगावला तर त्याच्या कुटुंबाला त्याच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम दरमहा मिळावी, अशी खास योजना महामंडळाने २४ मार्च २०२० पासून दोन वर्षांसाठी लागू केली. अट अशी की, रोगाचे निदान होण्यापूर्वी किमान तीन महिने कामगाराची नोंदणी झालेली असावी आणि ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली असावी.

वाचायला किती सोपी अट आहे! आता एक प्रकरण सांगतो.

उत्तर नागपुरातले एक गृहस्थ, वय ५४, विहाराच्या कामात पुढे असणारे. मोठ्या किराणा दुकानाच्या गेटवर गार्ड होते. दुकानाचे नव्हे, कंत्राटदाराचे. २०१९ च्या दिवाळीपासून ते तिथे उभे होते. पगार आठ हजार, पगारचिठ्ठीवर ईएसआयचे साठ रुपये कापलेले. एप्रिल २०२१ मध्ये नागपूर जिल्ह्यात एका दिवसात सात हजारांहून अधिक रुग्ण सापडत होते. मेडिकल, मेयो भरलेले, ऑक्सिजनसाठी लोक रात्रभर सिलिंडर घेऊन फिरत होते. शासनाच्या २० एप्रिलच्या आदेशाने किराणा दुकाने सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी ठेवली. जी गर्दी बारा तासांत विभागून येत होती ती चार तासांत आली. त्या चार तासांत दार सांभाळायला हेच गृहस्थ. ताप आला, दोन दिवस त्यांनी सांगितले नाही, कारण न गेल्यास पगार कापला जातो. तिसऱ्या दिवशी श्वास लागला. पुढचे सांगत नाही. त्या महिन्यात तसे सगळ्यांच्याच घरी घडले.

त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत पगारचिठ्ठ्या होत्या, एकोणीस महिन्यांच्या. एकही फाटलेली नव्हती. आम्ही विमा क्रमांक तपासला. नोंदणीची तारीख निघाली मार्च २०२१. म्हणजे वर्षभराहून अधिक काळ कंत्राटदाराने साठ रुपये कापले आणि स्वतःच्या खिशात घातले. साथीची दुसरी लाट चढू लागली तेव्हा घाबरून नाव नोंदवले. तीन महिन्यांची अट पूर्ण होत नाही, म्हणून दावा नामंजूर. दरमहा ७ हजार २०० रुपयांऐवजी बाईंना मिळाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निकालामुळे सगळ्याच मृतांच्या वारसांना मिळालेले ५० हजार, एकदाच. हिशेब करून पाहा, ते सात महिन्यांनाही पुरत नाहीत.

आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचे विमाकवच २६ मार्च २०२० लाच जाहीर झाले होते. ते योग्यच होते. पण किराणा ‘अत्यावश्यक’ आणि किराणा देणारा विम्याबाहेर, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? लसीचेही तेच. जानेवारी २०२१ मध्ये आरोग्य कर्मचारी, फेब्रुवारीत पोलीस, पालिका, महसूल. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सगळे. किराणा दुकानातल्या बावीस वर्षांच्या मुलाचा नंबर १ मे च्या आधी नव्हता. अमेरिकेत २० डिसेंबर २०२० रोजीच तिथल्या तज्ज्ञ समितीने किराणा कामगारांना पोलीस-शिक्षकांच्या बरोबरीने लस देण्याची शिफारस केली होती. तिथे बोस्टनच्या एका किराणा दुकानातील १०४ कामगारांची मे २०२० मध्ये तपासणी झाली होती. त्यांच्यापैकी वीस टक्के बाधित निघाले, बाधितांपैकी तीन चतुर्थांशांना कसलेही लक्षण नव्हते आणि ग्राहकांशी थेट संबंध येणाऱ्यांना इतरांच्या पाचपट धोका होता. अमेरिका काही कामगारांचे नंदनवन नाही. पण तिथे कोणीतरी मोजले तरी.

आमच्याकडे काय झाले? महाराष्ट्र शासनाच्या एप्रिल २०२१ च्या ‘ब्रेक द चेन’ आदेशात दुकानातल्या सर्वांनी केंद्राच्या निकषांनुसार लवकरात लवकर लस घ्यावी असे लिहिले. घरपोच माल देणाऱ्या मुलांनी लस घेतलेली नसेल तर १० एप्रिलपासून पंधरा दिवसांच्या आतला आरटीपीसीआरचा निगेटिव्ह दाखला जवळ ठेवावा, नाहीतर हजार रुपये दंड. केंद्राचे निकष म्हणजे ४५ वर्षे. पोरगा पंचविशीचा. म्हणजे लस घ्यावी असा हुकूम आणि लस मिळणार नाही असाही हुकूम! खासगी प्रयोगशाळेत चाचणीचा दर तेव्हा ५०० रुपये होता, महिन्याला दोन चाचण्या म्हणजे हजार. सरकारी केंद्रात फुकट होती, पण तिथे रांगेत उभे राहायचे तर दिवसाची मजुरी बुडते. त्याच आदेशात ग्राहक आणि कामगार यांच्यामध्ये पारदर्शक काच वा पडदा असावा, हेही होते. ती एक चांगली सूचना. कित्येक काऊंटरवर तो पडदा लागला, आणि बिल करताना आवाज ऐकू येत नाही म्हणून आठवड्याभरात बाजूला सरकवला गेला. त्यासाठी मालकाला दंड झाल्याचे एकही प्रकरण आमच्याकडे आले नाही. दाखला नसलेल्या पोरांच्या दंडाच्या पावत्या मात्र आल्या.

मूळ दुखणे कायद्यात आहे, आणि इथे वाचकांनी थोडा कंटाळा सोसावा. साथरोग कायदा १८९७ सालचा, मुंबईच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी घाईघाईने केलेला. तो सरकारला अधिकार देतो, अधिकाऱ्याला संरक्षण देतो. एप्रिल २०२० मध्ये अध्यादेश काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी शिक्षा घातली गेली. मालकाने कामगाराला काय द्यावे याबद्दल त्यात काही नाही. २९ मार्च २०२० रोजी गृह मंत्रालयाने लॉकडाऊनच्या काळात पगार कापू नये असा आदेश काढला खरा, पण मे महिन्यात तो मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून घ्यावे असे सांगितले. आठ हजारांच्या गार्डने कंत्राटदाराशी आपसात बोलून घ्यावे!

आमच्या राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. त्यात स्वच्छता, हवा-उजेड, पिण्याचे पाणी, संडास, प्रथमोपचार हे सगळे मालकावर बंधनकारक आहे. पण ते दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्याचा आणि दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा करण्याचा निर्णय घेतला. आठ तासांच्या दिवसासाठी ज्यांनी १९४२ साली दिल्लीच्या मजूर परिषदेत प्रस्ताव मांडला त्यांच्या पुतळ्याला हेच मंत्री सहा डिसेंबरला हार घालतात. इतवारीच्या किराणा ओळीतली दुकाने घ्या, वस्त्यांमधली नवी ‘मार्ट’ घ्या, तिथे बारा-पंधरा माणसे कामाला असतात. या मर्यादेने नेमकी तीच बाहेर पडतात. आणि मोठी दुकाने? ती हजेरीपटावर आठ माणसे दाखवतात, उरलेली कंत्राटदाराची.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्यावर आमचे अनेक आक्षेप आहेत, ते यापूर्वीही मांडले आहेत. पण वकिलाने हाती लागेल ते हत्यार वापरावे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत व्यापार-धंदा चालतो ती दहा कामगारांची जागासुद्धा ‘आस्थापना’ ठरते, आणि कामाची जागा आरोग्याला धोकादायक राहू नये ही मालकाची जबाबदारी ठरते. नेमणूकपत्र द्यावे लागते. ठराविक वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा फुकट तपासणी करावी लागते. म्हणजे राज्य वीस म्हणते तिथे केंद्राची संहिता दहावर थांबते, असे आमचे वाचन आहे. ते न्यायालयात तपासून घ्यावे लागेल.

दुसरे हत्यार जुने आहे आणि फारसे कोणी वापरत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी आहे. तिच्यात पहिलीच नोंद संसर्गजन्य रोगांची. दवाखान्यातले काम, जनावरांचे काम, असे सांगून शेवटी ‘संसर्गाचा विशेष धोका असलेले इतर काम’ अशी मोकळी ओळ आहे. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, ती ओळ तिथेही आहे. रोज पाचशे अनोळखी माणसांच्या श्वासात उभे राहणे हे साथीच्या काळात विशेष धोक्याचे काम नाही काय? कोणी म्हणेल, रोग दुकानातच झाला हे कशावरून? बरोबर. म्हणूनच हजेरीपट, ड्यूटीचे वेळापत्रक, सोबतच्या किती जणांना त्याच आठवड्यात ताप आला याची नोंद महत्त्वाची ठरते. ती नोंद मालक ठेवणार नाही, कामगारालाच ठेवावी लागेल. साधी वही पुरते. कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे, खासगी मालकालाही ते लागू आहे.

इथे आमच्या स्वतःच्या चळवळीलाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. ऑक्टोबर २०२० मध्ये दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा झाला नाही, आपण सगळ्यांनी घरी वंदना घेतली, संयम पाळला. विहाराविहारांतून तरुणांनी धान्याची पाकिटे वाटली, त्याचे मोल मोठे आहे. पण ती पाकिटे ज्या दुकानातून आली तिथल्या आपल्याच पोरांना आपण विचारले नाही की, बाबा, तुला मास्क आहे का, तुझा विमा क्रमांक तू तपासला आहेस का. नामांतर, आरक्षण, ॲट्रॉसिटी यांवर आपली फळी उभी राहते. कंत्राटी कामगाराचा प्रश्न आला की आपण तो लाल झेंड्यावाल्यांचा समजतो, आणि लाल झेंडेवाले मॉलमध्ये पोहोचलेलेच नाहीत. आता आमच्या भागातल्या काही विहारांत रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास विमा क्रमांक तपासून देण्याचे काम सुरू केले आहे. मोबाईलवर दोन मिनिटांत दिसते. पहिल्या रविवारी जे आले त्यांच्यात ज्यांचे पैसे कापले जातात पण नावच नाही, असे कामगार निघाले. ज्यांना अशी शंका असेल त्यांनी पगारचिठ्ठी फेकू नये आणि चिठ्ठी मिळत नसेल तर बँकेच्या पासबुकाची छायाप्रत ठेवावी.

त्या बाईंच्या प्रकरणात आम्ही कर्मचारी विमा न्यायालयात अर्ज केला आहे. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत असेल तर महामंडळाने लाभ द्यावा आणि मालकाकडून वसूल करावा, अशी तरतूद १९४८ च्या कायद्यात होतीच, तिच्यावर आमचा युक्तिवाद उभा आहे. महामंडळाचे म्हणणे असे की, ही तरतूद मूळ लाभांना लागू, कोविडची योजना वेगळी. कंत्राटदार दोन तारखांना आला नाही. दुकानाच्या वतीने सांगण्यात आले की सदर इसम आमचा नोकरच नव्हता. एकोणीस पगारचिठ्ठ्यांच्या मूळ प्रती आम्ही मागच्या तारखेला दाखल केल्या. त्या देताना बाईंनी विचारले, ‘वकीलसाहेब, ह्या परत भेटतीन ना? त्यायच्या हातची सही आहे त्याच्यावर.’ प्रमाणित प्रतींसाठी अर्ज दिला आहे. पुढची तारीख उलटतपासणीसाठी लागली आहे.